समीक्षकांचे नव्वद, खेळाडूंचं ‘संमिश्र’: गेमचे रिव्ह्यू वाचायचे कसे?

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ हा अजस्र प्राण्यांच्या शिकारीचा व्हिडिओ गेम बाजारात आला. समीक्षकांनी त्याला शंभरपैकी नव्वदीच्या आसपास गुण दिले होते. तीन दिवसांत ऐंशी लाख प्रती खपल्या. कॅपकॉम या जपानी कंपनीचा इतक्या झपाट्याने खपलेला हा पहिलाच गेम. पण विक्री सुरू झाली त्याच दिवशी स्टीमवर, म्हणजे पीसीवरचे गेम विकणाऱ्या सगळ्यात मोठ्या ऑनलाइन दुकानात, पैसे मोजून खेळणाऱ्यांचा शेरा पडला ‘मिक्स्ड’, म्हणजे संमिश्र. जूनपर्यंत तर ताज्या अभिप्रायांवरचा शेरा अगदी तळाच्या पायरीला जाऊन टेकला.

हे हल्ली वारंवार घडतं. गेम गाजावाजा करत येतो, समीक्षक भरभरून कौतुक करतात आणि खेळणाऱ्यांचा संताप उसळतो. कधी नेमकं उलटही होतं. मग वाचक गोंधळतो आणि त्यातल्या त्यात सोपा निष्कर्ष काढून मोकळा होतो: समीक्षक विकले गेलेत, किंवा खेळाडूंना कशातच समाधान नाही.

दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे असतात. समीक्षक आणि खेळाडू यांना विचारलेला प्रश्न वेगळा असतो, हातातलं यंत्र वेगळं असतं आणि पुष्कळदा दोघांनी खेळलेला गेमही तंतोतंत एक नसतो. या तीन गोष्टी लक्षात घेतल्या की गुणांमधली तफावत कोड्यासारखी वाटत नाही. उलट तिच्यातूनच खूप काही कळतं.

तो एक आकडा येतो कुठून?

गेमबद्दल बोलताना लोक ‘मेटाक्रिटिकवर एवढे’ असं म्हणतात. २००१ मध्ये सुरू झालेलं हे संकेतस्थळ स्वतः कुठलाही गेम तपासत नाही. वेगवेगळ्या नियतकालिकांनी आणि संकेतस्थळांनी दिलेले गुण गोळा करून ते शंभरच्या पट्टीवर आणतं आणि सरासरी काढतं. ही सरासरी साधी नसते. काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन असतं, काहींच्या मताला कमी. कोणाला किती, ते मेटाक्रिटिक जाहीर करत नाही.

खरी गडबड पट्ट्या जुळवताना होते. समजा एका समीक्षकाने पाचपैकी तीन तारे दिले. त्याच्या लेखी तीन तारे म्हणजे ‘चांगला आहे, काही उणिवा आहेत’. शंभरच्या पट्टीवर त्याचे होतात साठ. मेटाक्रिटिकवर गेमसाठी हिरवा रंग पंचाहत्तरपासून सुरू होतो, त्यामुळे हे साठ पिवळ्या रंगात दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की समीक्षकाला गेम रटाळ वाटला. समीक्षकाने असं म्हटलेलंच नसतं. सिनेमाला याच संकेतस्थळावर एकसष्टपासून हिरवा रंग मिळतो. एकाच ठिकाणी दोन कलांसाठी ‘चांगलं’ म्हणण्याची रेषा वेगळी आहे, आणि गेमची रेषा बरीच वर आहे.

हा आकडा निव्वळ शोभेचाही राहत नाही. २०१० मध्ये आलेला ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ ऑब्सिडियन या स्टुडिओने बनवला. मेटाक्रिटिकवर ८५ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर बोनस, असं त्यांचं प्रकाशकाशी, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीशी, ठरलं होतं. मिळाले ८४. बोनस गेला. पुढे २०१२ मध्ये स्टुडिओचे एक संस्थापक ख्रिस अव्हेलोन यांनीच हे उघड केलं. गेम आजही अनेकांच्या आवडत्या यादीत आहे. डझनावारी माणसांच्या मतांची, वेगवेगळ्या पट्ट्यांवरून ओढून आणलेली सरासरी एका गुणाने खाली आली म्हणून ज्यांनी राबून गेम बनवला त्यांचे पैसे जावेत, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. समीक्षक लिहितो वाचकासाठी. त्याच्या आकड्यावर कोणाचा पगार टांगला जावा, अशी त्याचीही इच्छा नसते.

स्टीमवरची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत

स्टीमवर ‘९२ टक्के’ दिसलं की डोळ्यांना ते शंभरपैकी ९२ गुणच वाटतात. तसं नसतं. स्टीम खेळाडूला एकच प्रश्न विचारतं: हा गेम इतरांना सुचवाल का? अंगठा वर किंवा अंगठा खाली, मधलं काही नाही. टक्केवारी सांगते ती एवढंच, की शंभरातल्या किती जणांनी अंगठा वर केला.

याचा परिणाम हिशेबाने पाहू. एक गेम शंभर जणांना ‘ठीकठाक, दहापैकी सात’ वाटला. सगळ्यांनी अंगठा वर केला, तर टक्केवारी १००. दुसऱ्या गेमवर पन्नास जण फिदा झाले, त्यांनी मनातल्या मनात दहापैकी दहा दिले. उरलेल्या पन्नासांना तो सोसवला नाही, त्यांचे चार. सरासरी पुन्हा सातच. पण स्टीमवर या गेमची टक्केवारी ५०. म्हणजे सर्वांना बरा वाटणारा गेम स्टीमवर अप्रतिम दिसतो, आणि काहींना वेड लावणारा पण इतरांना न झेपणारा गेम पडेल दिसतो. धाडसी गेमवर ही पद्धत अन्याय करते, असं माझं मत आहे.

शेऱ्यांचंही तसंच. चाळीस ते एकोणसत्तर टक्के असेल तर ‘मिक्स्ड’. शंभरातल्या एकोणसत्तर जणांनी शिफारस केली तरी नावापुढे संमिश्र लागतं. आणि विकत घेतल्या घेतल्या लिहायला बसतो तो बहुधा एक तर भारावलेला असतो किंवा वैतागलेला. ज्याचा गेम सुरळीत चाललाय, तो खेळत बसलेला असतो.

समीक्षकाला मिळालेला गेम आणि तुम्हाला मिळालेला गेम

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाग.

मोठा गेम येण्याआधी काही दिवस प्रकाशक समीक्षकांना फुकट प्रत देतो. तिला रिव्ह्यू कोड म्हणतात. सोबत एक अट असते: अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काहीही छापायचं नाही. या अटीला एम्बार्गो म्हणतात. ऐकायला कारस्थानासारखं वाटतं, पण तिचा एक खरा फायदा आहे. सगळ्यांना एकाच वेळी छापायची मुभा असल्यामुळे सर्वांत आधी छापण्यासाठी गेम अर्धवट खेळून लिहायची घाई उरत नाही.

अडचण सुरू होते ती प्रकाशक काय दाखवायचं ते निवडतो तेव्हा. घर विकणाऱ्याने फक्त रंगवलेली दर्शनी खोली दाखवावी आणि आतल्या ओल आलेल्या खोल्यांना कुलूप घालावं, तसं. पाहणारा खोटं बोलत नाही, त्याने पाहिलेली खोली खरंच सुंदर असते.

‘सायबरपंक २०७७’ हे याचं आजवरचं सर्वांत ठळक उदाहरण. सीडी प्रोजेक्ट रेड या पोलंडच्या स्टुडिओचा हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला. त्याच्या तीन दिवस आधी रिव्ह्यू छापून आले, आणि गुण नव्वदीच्या घरात. पण समीक्षकांना मिळालेली प्रत फक्त पीसीची होती. शिवाय स्वतः खेळताना घेतलेलं चित्रण गेम येईपर्यंत दाखवायला मनाई होती, कंपनीने दिलेलं चित्रणच वापरायचं. लाखो लोकांनी तो गेम घेतला प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांसाठी, आणि तिथे तो धड चालतच नव्हता. चित्र अडखळत होतं, पात्रं अर्धवट उमटत होती, गेम मध्येच बंद पडत होता. आठवडाभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. तो पुन्हा विक्रीला आला जून २०२१ मध्ये.

त्या गुणांना खोटं म्हणता येणार नाही, पण ते अर्ध्याच गेमचे होते. माझ्या मते समीक्षकांची चूक एकच: ‘आम्ही कन्सोलवर पाहिलेला नाही’ हे वाक्य प्रत्येक रिव्ह्यूच्या शेंड्यावर ठळक अक्षरांत यायला हवं होतं. काहींनी तसं स्पष्ट लिहिलं होतं. पण मेटाक्रिटिकच्या आकड्याला तळटीप नसते.

दुसरं उदाहरण मार्च २०२४ मधलं, ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’. समीक्षकांना आवडला. गेम विक्रीला आला त्या दिवशी खेळाडूंना दिसलं की गेममधल्या काही वस्तूंसाठी वेगळे पैसे मोजायची सोय दुकानात आहे. गेम विकत घेतल्यानंतर आत होणाऱ्या अशा छोट्या खरेदीला मायक्रोट्रान्झॅक्शन म्हणतात. समीक्षक खेळत होते तेव्हा ही खरेदी सुरूच झालेली नव्हती. बहुतेक वस्तू खेळता खेळताही मिळवता येत होत्या, तरी राग भडकला तो अंधारात ठेवल्याच्या भावनेमुळे. त्यात पीसीवर गेम रखडत होता. स्टीमवर पहिल्याच दिवशी शेरा नकारार्थी गेला.

‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’चं उत्तरही इथेच आहे. समीक्षकांची यंत्रं बहुधा तगडी असतात, किंवा ते कन्सोलवर खेळतात. सामान्य खेळाडूच्या पीसीत काही वर्षांपूर्वीचं मध्यम कुवतीचं ग्राफिक्स कार्ड असतं. समीक्षक शिकारीचा थरार तोलत होता आणि खेळाडू फ्रेमरेट मोजत होता, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडद्यावर उमटतात ते. पुढे शिकारीसाठी नवे प्राणी कमी पडू लागले, कसलेल्या खेळाडूंना करायला काही उरलं नाही, आणि तक्रारींत त्याचीही भर पडली. ती पहिल्या आठवड्यातल्या रिव्ह्यूमध्ये येणं शक्यच नव्हतं.

‘पण समीक्षक विकत घेतलेलेच असतात ना?’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यामागे एक खरी घटना आहे. २००७ मध्ये गेमस्पॉट या मोठ्या संकेतस्थळावर जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ या गेमला दहापैकी सहा गुण दिले. त्याच वेळी संकेतस्थळभर त्या गेमच्या जाहिराती झळकत होत्या. गर्स्टमन यांना नोकरीवरून काढण्यात आलं. कराराच्या बंधनामुळे ते काही वर्षं गप्प राहिले. २०१२ मध्ये त्यांनी सांगितलं की कमी गुणांवरून जाहिरातदार नाराज होते आणि व्यवस्थापन त्या दबावापुढे झुकलं. त्यांच्या काही सहकाऱ्यांनीही तिथली नोकरी सोडली होती.

या घटनेतून मला दिसतं ते असं: दबाव आला तो व्यवस्थापनावर, आणि तो आला कारण समीक्षकाने प्रामाणिक गुण दिले होते. पाकीट घेऊन नव्वद गुण देणारा समीक्षक हे चित्र मनात सहज ठसतं, पण वास्तवातले दोष त्याहून साधे आणि जास्त पसरलेले आहेत.

वेळ कमी असतो. ‘बाल्डर्स गेट ३’ सारखा शंभर तासांवर जाणारा गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला, तेव्हा समीक्षकांच्या हाती प्रत पडली ती जेमतेम काही दिवस आधी. बऱ्याच जणांनी आधी अपुरा रिव्ह्यू छापला आणि पूर्ण नंतर दिला, आणि तेच योग्य होतं. ज्यांना असा धीर नसतो ते धावत सुटतात, आणि धावत खेळलेला गेम वेगळाच भासतो. शिवाय एखाद्या मालिकेचा नवा भाग पाहायला संपादक बहुतेकदा त्या मालिकेची आवड असलेल्यालाच बसवतो. त्यात गैर काही नाही, त्याला बारकावे कळतात. पण त्याने दिलेले नऊ गुण हे आधीपासून प्रेमात असलेल्या माणसाचे असतात. तुम्ही त्या मालिकेच्या वाटेला कधी गेला नसाल, तर ते गुण तुमच्यासाठी नाहीत.

‘सगळ्यांनाच सात ते नऊ कसे मिळतात?’

कारण वाईट गेम समीक्षकापर्यंत पोचतच नाहीत. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. कुठलंही संकेतस्थळ त्यातल्या मूठभरांवरच लिहू शकतं. ते निवडतात ज्याची चर्चा आहे, ज्यामागे नावाजलेला स्टुडिओ आहे, ज्याबद्दल आधीच चांगलं ऐकू आलंय. चाळणीतून खाली आलेल्यांचेच गुण आपण पाहतो.

मग खेळाडूंचंच ऐकावं का?

खेळाडूने पैसे मोजलेले असतात, आणि हे त्याच्या मताचं मोठं बळ आहे. पण गर्दीच्या मतालाही स्वतःचे आजार आहेत. मुख्य आजाराचं नाव रिव्ह्यू बॉम्बिंग, म्हणजे एखाद्या रागापोटी हजारोंनी एकाच वेळी नीचांकी गुण टाकणं.

जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ आला. समीक्षकांची सरासरी ९३. गेम संपवायला पंचवीस-तीस तास लागतात. पण विक्री सुरू होऊन काही तास होतात न होतात तोच मेटाक्रिटिकवर हजारो लोकांनी शून्याच्या आसपास गुण टाकून खेळाडूंची सरासरी पार खाली आणली. कथानकाचे तुकडे आधीच बाहेर फुटले होते, राग त्यावरचा होता. मेटाक्रिटिकवर गुण द्यायला गेम विकत घेतल्याचा पुरावा लागत नाही. या प्रकारानंतर तिथे नियम आला: गेम आल्यावर पहिले छत्तीस तास खेळाडूंना गुण देता येणार नाहीत. स्टीमवर निदान गेम आपल्या खात्यात असावा लागतो, आणि किती तास खेळून लिहिलं तेही अभिप्रायासोबत दिसतं.

तरीही प्रत्येक बॉम्बिंग खोटारडं असतं असं मी म्हणणार नाही. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ खेळणाऱ्या पीसीवरच्या लोकांना सोनीने सांगितलं की यापुढे प्लेस्टेशन नेटवर्क या सोनीच्या ऑनलाइन सेवेचं खातं जोडणं सक्तीचं. ज्या देशांत हे खातं अधिकृतपणे काढताच येत नाही, अशा कितीतरी देशांत गेम विकून झाला होता. स्टीमवर दोन लाखांहून जास्त नकारार्थी अभिप्राय पडले आणि काही दिवसांतच सोनीने निर्णय मागे घेतला. त्या अभिप्रायांतून गेमच्या दर्जाबद्दल काही कळत नव्हतं. पण ती तक्रार खरी होती, आणि ती मांडायला दुसरी जागा खेळाडूंकडे नव्हती.

कधी राग फक्त एका भाषेतला असतो. सहा वर्षं वाट पाहायला लावून ‘होलो नाइट: सिल्कसाँग’ ४ सप्टेंबर २०२५ ला आला. समीक्षकांना आधी प्रती दिल्याच नव्हत्या, सगळ्यांनी एकाच वेळी खेळायला घेतला. बहुतेक भाषांत कौतुक, पण चिनी भाषेतल्या अभिप्रायांचा शेरा मात्र नकारार्थी! कारण चिनी भाषांतर वाचकांना कृत्रिम आणि बोजड वाटत होतं. त्याच्या काही आठवडे आधीच स्टीमने भाषेनुसार वेगळा शेरा दाखवायला सुरुवात केली होती, म्हणून हे लगेच लक्षात आलं. नाहीतर ती तक्रार एकूण टक्केवारीत विरघळून गेली असती, आणि चिनी न वाचणाऱ्याला वाटलं असतं की गेममध्येच काही खोट आहे.

गेम बदलतो, गुण तिथेच राहतात

आताचा गेम विक्रीला आला म्हणजे पूर्ण झाला असं नाही. पहिल्या दिवसापासून पॅच येत राहतात, म्हणजे दुरुस्तीचे हप्ते. ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ मध्ये आला तेव्हा दिलेली आश्वासनं न पाळल्याबद्दल त्याच्यावर टीकेची झोड उठली. हेलो गेम्स हा छोटा स्टुडिओ पुढची कित्येक वर्षं एकही पैसा न घेता भर घालत राहिला. २०२४ च्या अखेरीस स्टीमवरचा त्याचा एकूण शेरा ‘व्हेरी पॉझिटिव्ह’ झाला. सायबरपंकनेही सप्टेंबर २०२३ मधल्या २.० या मोठ्या अद्ययावत आवृत्तीनंतर आणि ‘फँटम लिबर्टी’ या विस्तारानंतर, म्हणजे मूळ गेमला जोडलेल्या नव्या भागानंतर, आपली लाज राखली. पण समीक्षकांची जुनी सरासरी आहे तिथेच असते, कारण बहुतेक प्रकाशनं गेम पुन्हा तपासत नाहीत. म्हणून वर्षभर जुना गेम घेताना जुन्या गुणांपेक्षा स्टीमवरचे गेल्या तीस दिवसांतले अभिप्राय जास्त कामाचे.

‘समीक्षा वस्तुनिष्ठ का नसते?’

काही गोष्टी वस्तुनिष्ठ असतातच: फ्रेमरेट, बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, किंवा मायक्रोट्रान्झॅक्शन आहेत की नाहीत. त्या चोख सांगितल्याच पाहिजेत. पण एखादी लढाई जिंकल्यावर अंगावर शहारा आला का, हे मोजायचं यंत्र नाही. जून २०२४ मध्ये ‘एल्डन रिंग’चा विस्तार ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ आला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला, आणि स्टीमवर सुरुवातीला ‘मिक्स्ड’ झाला. पीसीवरच्या अडचणी होत्याच, पण मोठी तक्रार होती की तो फार अवघड आहे. ज्याला अवघडपणातच गोडी वाटते त्याला तीच गोष्ट गुण वाटते. दोघंही खरं बोलतात. शंभर टक्के वस्तुनिष्ठ रिव्ह्यू लिहायचा म्हटला तर तो गेमच्या डब्यावरची माहिती होऊन बसेल. युरोगेमरने २०१५ मध्ये गुण देणंच बंद केलं, लोकांनी मजकूर वाचावा म्हणून. २०२३ मध्ये तारे परत आणले. जपानच्या फामित्सु नियतकालिकाची रीत मला जास्त आवडते: चार समीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण वेगवेगळे छापलेले. एकाचे नऊ आणि दुसऱ्याचे सहा शेजारी शेजारी दिसतात. मतभेद लपत नाही.

प्रत्यक्षात काय करावं

तुम्ही पूर्ण खेळलेला, मनापासून आवडलेला किंवा मनापासून नावडलेला एखादा गेम घ्या आणि त्याचे जुने रिव्ह्यू वाचा. ज्याला तुमच्याच जागी खटकलं, तुमच्याच जागी मजा आली, त्या समीक्षकाचं नाव लक्षात ठेवा. असे दोघं-तिघं सापडले की सरासरीची फारशी गरज उरत नाही. ज्याच्याशी तुमचं कायम वाजतं असा एखादाही शोधा. त्याने ‘संथ आणि लांबण लावलेला’ म्हटलं की तो गेम तुमच्यासाठी आहे, हे कळेल.

रिव्ह्यू वाचताना आधी पाहायचं: कोणत्या यंत्रावर खेळला, किती तास खेळला, संपवला का, प्रत कोणी दिली. हे कुठेच लिहिलं नसेल तर त्या गुणांवर विसंबू नका. गेम येण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत एकही रिव्ह्यू बाहेर आला नसेल, तर थांबा. छोट्या स्टुडिओकडे कारणं वेगळी असू शकतात, पण मोठ्या प्रकाशकाने अखेरपर्यंत झाकून ठेवलेली गोष्ट आधी पैसे भरून घेण्यात काही शहाणपण नाही.

स्टीमवर नकारार्थी अभिप्राय आधी वाचा, तेही दहा-वीस तासांहून जास्त खेळलेल्यांचे. त्यांच्या तक्रारी नेमक्या असतात. आणि तिथून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. मोठ्या गेममध्ये दोन तास निव्वळ ओळख करून देण्यातच जातात, त्यामुळे गोष्ट रंगेल की नाही ते एवढ्यात कळणार नाही. तुमच्या यंत्रावर तो नीट चालतो की नाही, हे मात्र पहिल्या अर्ध्या तासात कळतं. त्यासाठी एखाद्या निवांत वसाहतीत फिरून भागणार नाही, गर्दीच्या ठिकाणी किंवा जोराच्या लढाईत शिरून पाहा.